कातडं कमावताना कानाचेच केस का जातात?

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरातले बंजारे इथे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि तांड्यावरचा नंगारा पुन्हा एकदा बातम्यांत आला. नंगारा असो की वऱ्हाडातल्या लग्नाच्या वरातीत वाजणारं डफडं असो, त्याच्या तोंडावर ताणलेल्या कातड्यावर एकही केस नसतो. तो मुद्दाम काढलेला असतो, आणि काढायला फार झगडावंही लागत नाही. चुन्यात मुरलेल्या कातड्यावरचे केस बोथट पात्यानं पुसल्यासारखे निघून येतात.

तेच बकऱ्याचं कातडं केसांसकट, चारही पाय आणि दोन्ही कान शाबूत ठेवून कमवायचं ठरवा, म्हणजे गोष्ट उलटी होते. जे केस निघावेत म्हणून कारागीर वाट पाहतो तेच आता टिकवायचे असतात. पाठीचे केस टिकतात, मानेचे टिकतात, आणि कानाच्या टोकाला मात्र नखभर टक्कल पडतं. दुसऱ्या दिवशी ते रुपयाएवढं होतं. तिसऱ्या दिवशी अख्खा कान गुळगुळीत. हौशी माणूस मग तुरटीला दोष देतो, आम्लाला देतो, कृती सांगणाऱ्याला देतो. बहुतेक वेळा यातल्या कोणाचाच दोष नसतो. कानाचे केस कमावण्याच्या हौदात दिसेनासे होतात, पण ते सुटलेले असतात त्याच्या कितीतरी आधी, जनावर सोलल्याच्या पहिल्या दिवशीच.

केस सुटतो म्हणजे नेमकं काय होतं

कातड्याचे ढोबळमानानं दोन थर. वरची बाह्यत्वचा कागदासारखी पातळ, आणि खालची अंतस्त्वचा जाड, चिवट, कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेली. आपण ज्याला चामडं म्हणतो ते ही अंतस्त्वचाच. केस उगवलेला दिसतो अंतस्त्वचेतून, पण त्याचं बीळ बाह्यत्वचेचं असतं. बाह्यत्वचा जागोजागी खाली दबून अंतस्त्वचेत शिरते आणि नळीसारखा खोलगा तयार करते. केस त्या नळीत उभा असतो, आणि त्याला धरून ठेवतात त्या नळीच्या भिंतीतल्या मऊ, जिवंत पेशी.

केस स्वतः केराटिनचा. जिवाणूंना तो सहजासहजी पचत नाही. कोलॅजनही कच्च्या अवस्थेत बरंच दणकट. मधल्या मऊ पेशी मात्र जिवाणूंचं पहिलं अन्न. जनावर मेलं की त्या पेशींतली स्वतःची विकरंही त्यांना आतून विरघळवू लागतात. भिंत ढासळली की केस मुळासकट बाहेर येतो. म्हणून कातडं दिसायला ताजं, चामडं म्हणून अगदी वापरण्याजोगं, आणि तरीही केस सुटलेले, असं घडू शकतं. चपलेसाठी त्या कातड्यात काही बिघडलेलं नसतं. केसांसकट ठेवणाऱ्याच्या दृष्टीनं ते गेलेलं असतं.

या सडण्याचा माणसानं धंदाही केला आहे. दक्षिण फ्रान्समधल्या माझामे या गावानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलियातून मेंढ्यांची कातडी मागवून त्यांवरची लोकर काढण्याचा मोठा उद्योग उभारला. ओली कातडी उबदार, दमट खोल्यांत टांगून ठेवायची. ठरावीक वेळेनंतर अमोनियाचा उग्र वास सुटला की लोकर हातानं ओढून निघते. तिथे हे सगळं वेळेवर नजर ठेवून केलं जाई. मानोऱ्याच्या उन्हाळ्यात गोणपाटाखाली ठेवलेल्या कातड्याला अशी खोली बांधावी लागत नाही. ती आपोआप तयार होते.

चुन्याची वाट थोडी वेगळी. चुन्याचं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं. ते केसाच्या मुळाशी असलेल्या कोवळ्या केराटिनवर आणि बाह्यत्वचेवर रासायनिक घाव घालतं. लाकडाची राख वापरण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर. वाट कुठलीही असो, घाव बसतो तो केसाच्या मुळाभोवतीच्या त्याच नाजूक पट्ट्यावर.

सगळ्या अंगात कानच का

बकऱ्याच्या पाठीचं कातडं सोललं की त्याला दोन बाजू मिळतात. बाहेर केस, आत मांसाची ओली बाजू. मीठ लावायचं ते या आतल्या बाजूला, कारण तिथून ते सरळ शिरतं. केसांच्या बाजूनं मीठ चोळून फारसा उपयोग नाही. पाणी आत-बाहेर जाऊ नये हेच बाह्यत्वचेचं काम, आणि मेल्यावरही काही काळ ती ते करत राहते.

आता कान बघा. कानाला आतली बाजू नाहीच. पाठीमागून कातडं, पुढूनही कातडं, दोन्हीकडे बाह्यत्वचा बाहेर, आणि दोघांच्या ओल्या बाजू मधल्या कूर्चेला घट्ट चिकटलेल्या. म्हणजे जिथून मीठ शिरायला हवं ती जागा कानात बंद असते. वरून मूठभर मीठ टाकलं तरी ते बाहेरच राहतं आणि आतली ओल आतच. पाठ मिठानं सुकत जाते तेव्हा कान आतून कुजत असतो.

त्यात कानाच्या बुडाशी कान हलवणाऱ्या स्नायूंचा गोळा असतो. शेळीचे कान मुळात मोठे. आपल्याकडच्या उस्मानाबादीसारख्या जातींचे तर लांब आणि लोंबते. त्यामुळे बुडाचा हा मांसल भाग चांगला जाड असतो, आणि सोलताना घाईत तो कातड्यालाच लागून राहतो. जिवाणूंना ओल, ऊब आणि मांस तिन्ही एका जागी मिळतात.

नियम एकदा कळला की बाकीची धोक्याची ठिकाणंही आपोआप ओळखता येतात. जिथे कातडं स्वतःवरच दुमडलेलं आहे किंवा कशाभोवती बंद नळीसारखं गुंडाळलेलं आहे, तिथे केस जाण्याची भीती. ओठ, पापण्या, नाकपुड्या, खुरांजवळची बोटं, शेपूट ही ती ठिकाणं. पोटाकडचा भाग यात येतो तो वेगळ्या कारणानं: आतड्यातले जिवाणू तिथून सगळ्यात जवळ.

शिकारीच्या काळात हे जाणत्यांना पक्कं ठाऊक होतं. लंडनच्या रोलँड वॉर्डनं शिकारी आणि संग्राहकांसाठीचं आपलं मार्गदर्शक पुस्तक १८८० मध्ये काढलं. विसाव्या शतकात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या पेढीनं वाघ-बिबट्यांची हजारो कातडी भरली. कारखान्यातलं कसब कितीही मोठं असलं तरी जंगलातल्या छावणीत कान, ओठ आणि पंजे उघडून मीठ भरलेलं नसेल, तर कातडं पोचेपर्यंत पेढीच्या हातात काही उरत नसे.

आज वन्यप्राण्याचं कातडं घरात ठेवण्याचा प्रश्नच नाही. शेजारच्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट आहेत, आणि आसन म्हणून मृगाजिनाचं नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असं कातडं मिळवणं, विकणं आणि परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा ठरवला. मेलेल्या वाघ-सिंहांची कातडी अभ्यासासाठी जतन करण्याचं काम सरकारी परवानगीनंच होतं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांच्या पुढाकारानं बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये असं केंद्र सुरू झालं. बाकीच्यांनी हात घालावा तो खाटकाकडून घेतलेल्या बकऱ्याच्या किंवा मेंढीच्या कातड्याला.

पहिले काही तास

अनुकूल ऊब आणि ओल मिळाली तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या वेगानं सहा तासांत एकाचे अडीच लाखांवर जातात. विदर्भात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो, तेव्हा सकाळी सोललेलं कातडं दुपारपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं म्हणजे ही अनुकूलता हातानं जुळवून देणं. पिशवी नको, ढीग नको, घडी नको. सोललेलं कातडं सावलीत, मांसाची बाजू वर करून, पसरून ठेवायचं. अंगची ऊब आधी जाऊ द्यायची.

ऊन दाखवणं हा दुसरा मोह. उन्हात वरचा थर झपाट्यानं कडक होतो आणि आतली ओल त्याखाली कोंडली जाते. बाहेरून वाळलेलं, आतून सडलेलं असं कातडं मिळतं. शिवाय ओलं कोलॅजन साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसून शिजतं, आणि वैशाखातल्या टिनाच्या पत्र्याला ती उष्णता गाठायला फार वेळ लागत नाही. पत्र्यावर ओलं कातडं टाकायचंच नाही.

लगेच काम करता येणार नसेल तर शीतपेटी चालते, पण तिथेही कान आडवा येतो. गोठलेलं कातडं गुंडाळी करून बाहेर काढलं की कान, पाय आणि शेपूट अर्ध्या-पाऊण तासात मऊ होतात, आणि मधला गठ्ठा अजून बर्फच असतो. तो सुटेपर्यंत कान उबेत पडून राहतो. म्हणून गोठवतानाच कातडं पसरून पातळ घडीत ठेवावं, कान गुंडाळीच्या आत घ्यावेत, आणि बर्फ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू सोडवावा. बाहेर ओट्यावर नाही.

कान उलटवणं

सगळ्या कामातला कौशल्याचा भाग हा. कातडं मांसाच्या बाजूनं वर करून पाटावर पसरा. डोक्याच्या भागात कानाच्या जागी मांसाचा गोळा दिसेल. तो आधी छाटायचा, अगदी कूर्चा उघडी पडेपर्यंत. कूर्चा ओळखणं सोपं: पांढरी, किंचित निळसर, चकचकीत, बोटानं दाबली तर वाकते आणि पुन्हा उभी राहते.

आता कानाची पाठ, म्हणजे बाहेरून दिसणारी केसाळ बाजू, आणि कूर्चा यांच्यामध्ये शिरायचं. इथे धारदार सुरी वापरली तर कातड्याला भोक ठरलेलं. चमच्याची दांडी, गुळगुळीत केलेली बांबूची पट्टी, असं काहीतरी बोथट हवं. कानाच्या पाठीचं कातडं कूर्चेला सैल चिकटलेलं असतं; दांडी थोडी आत सारली आणि डावी-उजवी फिरवली की पांढरट, जाळीदार धागे सुटत जातात. एक बोट आत जाईल एवढी जागा झाली की बाहेरून कानाच्या टोकावर अंगठा ठेवून हळूहळू आत ढकलायचं. मोजा उलटा करावा तसा कान स्वतःच्याच आत वळत येतो.

अर्ध्यापर्यंत हे झरझर होतं, पुढे अवघड. कडा पातळ होत जातात, कूर्चाही कागदाएवढी उरते, आणि टोकाजवळचा शेवटचा सेंटिमीटर सुटतच नाहीसा वाटतो. बहुतेक जण इथे थांबतात, आणि बहुतेकांच्या कानाचं टक्कल नेमकं त्याच सेंटिमीटरला पडतं. घाई न करता, बोटं मिठाच्या पाण्यात बुडवत, सगळ्या कडेनं एकसारखं पुढे जायचं. एकाच जागी जोर लावला तर तिथेच फाटतं. उलटवलेल्या कानावर कूर्चेचा पांढरा आकार एका बाजूला आणि कातड्याची ओली बाजू दुसऱ्या बाजूला, काठापर्यंत, स्वच्छ दिसली म्हणजे काम झालं.

कानाच्या आतल्या, भोकाकडच्या बाजूचं कातडं मात्र कूर्चेला फार घट्ट धरलेलं असतं. जनावर उभं करून भरणारे कारागीर ती कूर्चाही पूर्ण काढतात आणि तिच्या जागी प्लॅस्टिकचा साचा बसवतात. बैठकीवर अंथरायच्या कातड्याला एवढं करण्याची गरज नाही. आतल्या बाजूला केस विरळ असतात. कूर्चा तिथेच राहू दिली आणि मीठ तिच्यावर नीट बसलं तरी निभावतं. पाठीमागची बाजू सुटणं महत्त्वाचं, कारण दाट केस तिथे आहेत.

मीठ किती, कसं

कच्च्या कातड्याचं साठ टक्क्यांहून अधिक वजन पाण्याचं असतं. मीठ त्यातलं बरंच पाणी ओढून घेतं, आणि जे उरतं ते इतकं खारट होतं की बहुतेक जिवाणूंना त्यातून पाणी घेता येत नाही. जिवाणू मरतात असं नाही. त्यांची वाढ थांबते. हा फरक पुढे उपयोगी पडतो.

मिठाचं प्रमाण कातड्याच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत धरावं. दोन किलोच्या कातड्याला किलोभर मीठ ऐकायला जास्त वाटतं, पण कंजुषी महागात पडते. मीठ बारीक, कोरडं आणि कोरं हवं. जाडे खडे कातड्याला ठिपक्यांसारखे टेकतात आणि मधल्या जागा मोकळ्या राहतात. कानाच्या घड्यांत तर ते पोचतही नाहीत. उलटवलेल्या कानावर मीठ शिंपडून भागत नाही, अंगठ्यानं काठापर्यंत चोळून बसवावं लागतं.

कातडं किंचित उतारावर ठेवलं म्हणजे सुटणारं पाणी वाहून जातं. चोवीस तासांनी ओलं मीठ झटकून टाकायचं आणि नवं लावायचं. झटकलेलं मीठ पुन्हा वापरायचा मोह होतो. त्यात रक्त, चरबी आणि जिवाणू सगळं आलेलं असतं. समुद्री मिठात तर खारातच वाढणारे सूक्ष्मजीवही असतात. कातडं साठवल्यावर त्यावर लालसर डाग पडतात ते त्यांचे.

पावसाळ्यात आणखी एक अडचण. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतः विरघळू लागतं. आषाढ-श्रावणात आपल्याकडे ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि वाळलेलं खारवलेलं कातडं पुन्हा ओलावतं. त्यामुळे पावसाळ्यात कातडं मिठात साठवून न ठेवता लगेच पुढच्या टप्प्याला न्यावं.

भिजवतानाचा सापळा

मीठ जिवाणूंना मारत नाही, थोपवतं. वाळलेलं कातडं मऊ करायला साध्या पाण्यात टाकलं की मीठ निघून जातं आणि थोपवलेले जिवाणू कामाला लागतात. पाठ तासा-दोन तासांत मऊ होते, पण कान आणि कूर्चा सुकून कडक झालेली असते. तिला वेळ लागतो. तिच्यासाठी म्हणून कातडं रात्रभर कोमट पाण्यात राहतं आणि सकाळी पाण्यावर केस तरंगताना दिसतात.

उपाय साधा: भिजवायचं पाणी थंड आणि खारट ठेवा, वेळ कमीत कमी ठेवा, आणि कातडं वाकण्याइतकं मऊ झालं की थेट आम्लाच्या पाण्यात न्या. उरलेला मऊपणा तिथे मिळतो. कान फारच ताठ असतील तर तेवढेच खाऱ्या पाण्याच्या ओल्या फडक्यात गुंडाळून आधी सैल करून घ्यावेत.

आम्लाचं पाणी

केस टिकवण्याची खरी खात्री इथे मिळते. प्रतिलिटर पाण्यात १२० ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळवून मग त्यात आम्ल घालायचं. घरगुती कामाला लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पुरतं. लिटरला वीस-बावीस ग्रॅम. पाण्याचा पीएच अडीचच्या खाली यायला हवा. एवढ्या आंबट पाण्यात सडवणाऱ्या जिवाणूंचा निभाव लागत नाही. आधी मीठ, मग आम्ल हा क्रम मात्र मोडायचा नाही. मिठाशिवाय आम्लात गेलेलं कातडं पाणी पिऊन फुगतं, आणि फुगलेल्या कातड्याची वीण कायमची सैल पडते.

पीएचचा कागद घरात नसेल तर हे काम करू नये, इतकं ते मोजमाप महत्त्वाचं आहे. कातडं आम्ल शोषत जातं, त्यामुळे सकाळी दोनवर असलेला पीएच संध्याकाळी साडेतीनवर गेलेला असू शकतो. रोज मोजायचं आणि लागेल तसं आम्ल वाढवायचं. भांडं प्लॅस्टिकचं, धातूचं नको.

इथेही कानाची खोड आहेच. उलटवलेला कान पाण्यात पुन्हा मिटतो, दोन ओल्या बाजू एकमेकींना चिकटतात, आणि मधे आम्ल पोचत नाही. दिवसातून तीन-चारदा कातडं ढवळायचं, आणि प्रत्येक वेळी कान हातानं उघडून पाण्यात फिरवायचा. तीन दिवसांनी मानेच्या जाड भागाला कडेला छोटी चीर देऊन बघावी. छेद आरपार एकसारखा पांढरा असेल तर आम्ल पोचलं. मधे गुलाबी किंवा काचेसारखी रेघ दिसत असेल तर थांबा.

या टप्प्यावर कातडं घट्ट आणि पांढरं होतं, म्हणून उरलेली चरबी आणि पातळ पडदे खरवडायला हीच वेळ चांगली. कानाच्या बुडाशी राहिलेलं मांस इथे शेवटचं काढून घ्यायचं. नंतर खाण्याचा सोडा पाण्यात घालून आम्ल उतरवायचं, पण अर्ध्या तासाहून जास्त नाही. आंबटपणा गेलेलं आणि अजून न कमावलेलं कातडं पुन्हा उघड्यावर आलेलं असतं.

साल की तुरटी

महाराष्ट्रात कातडं कमावण्याची मोठी परंपरा सालीची. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात कमावतात. कातड्याची पिशवी शिवून ती काढ्यानं भरून टांगण्याची रीत त्याच परंपरेतली. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ढोर आणि चर्मकार समाजांतल्या कारागिरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हे ज्ञान आहे. मानोऱ्याच्या शिवारातही बाभळीला तोटा नाही. मग केसाळ कातडं सालीनंच का कमावू नये?

कारण वेळ. सालीतली टॅनिनं कातड्यात हळूहळू शिरतात. चांगलं चामडं व्हायला आठवडे जातात. तोवर आम्लाचं संरक्षण नसलेलं कातडं ओलं राहतं आणि केसांची मुळं धोक्यात येतात. शिवाय काढा केसांनाही रंगवतो, आणि लोखंडाशी गाठ पडली की निळे-काळे डाग पडतात. केस काढूनच टाकायचे असतील तर या कशाचीच अडचण नाही.

केसांसकट कामाला जुनी, स्वस्त गोष्ट म्हणजे तुरटी. तुरटी आणि मीठ यांच्या द्रावणात कातडं पांढरं, मऊ आणि केस घट्ट धरणारं होतं. तिचा दोष एकच: पाण्यानं ती धुऊन निघते. तुरटीनं कमावलेलं कातडं धुवायचं नाही, दमटात ठेवायचं नाही. क्रोमियमनं कमावलेलं कातडं पाण्याला दाद देत नाही, पण त्याचं सांडपाणी घराच्या मोरीत सोडण्याजोगं नाही. ते काम परवाना आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कारखान्याचं.

जुन्या संग्रहालयांत कातड्यांना सोमलाचा साबण लावत, हे अनेकांनी ऐकलेलं असतं, आणि केस टिकवण्याचा तोच गुप्त उपाय असेल असा समज होतो. तसं नाही. अठराव्या शतकात फ्रान्सच्या बेकरनं तयार केलेला तो विषारी साबण होता कातडं खाणाऱ्या किड्यांसाठी. सुटलेला केस त्यानं कधी धरला नाही.

वाळवतानाही कानाकडे लक्ष लागतं. पातळ म्हणून तो सगळ्यात आधी सुकतो आणि आकसून वळतो. दोन बाजूंमध्ये पुठ्ठ्याचा कानाच्या आकाराचा तुकडा घालून, काठ चिमट्यांनी धरून, सावलीत वाळवावा. किंचित दमट असतानाच तेल लावून बोटांनी चोळत मऊ करावा.

कुठे बिघडलं ते ओळखणं

मीठ लावण्याआधी कानाच्या टोकाचे चार-पाच केस अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच ओढा. घट्ट असतील तर पुढे जा. मुळाशी चिकट बुळबुळीसह निघाले, किंवा केसांबरोबर पातळ पापुद्रा आला, तर सडणं सुरू झालेलं आहे. अमोनियाचा वास हा दुसरा पुरावा. ऋतूप्रमाणे गळणारे केस वेगळे: ते अंगभर विरळ निघतात, त्यांचं मूळ कोरडं आणि गोलसर असतं, आणि खालची त्वचा तुकतुकीत राहते.

सडणं सुरू झालं असेल तर कान लगेच पूर्ण उलटवून मीठ भरणं, आणि लवकरात लवकर आम्लात नेणं एवढंच हातात असतं. अजून घट्ट असलेले केस त्यानं वाचतात. सैल झालेला केस पुन्हा बसवणारं रसायन नाही. तुरटी कातडं आवळते, पण मोडलेल्या पेशींची भिंत ती बांधून देत नाही.

हातमोज्यांबद्दल एक शब्द. कच्च्या कातड्यातून आणि लोकरीतून माणसाला होणारा जुना आजार म्हणजे अँथ्रॅक्स, आपल्याकडची फाशी किंवा काळपुळी. त्याचे बीजाणू मिठानं मरत नाहीत. अचानक मेलेल्या, नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराचं कातडं काढायचंच नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. तपासून कापलेल्या जनावराचं कातडंसुद्धा हातमोजे घालून हाताळावं, आणि हाताला जखम असेल तर काम दुसऱ्यावर सोपवावं.

राहिला प्रश्न वेळेचा. बकऱ्याचे दोन कान नीट उलटवायला नवख्याला पाठीचं अख्खं मांस खरवडण्याहून जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ पहिल्याच दिवशी द्यावा लागतो. उन्हाळ्यात दुपारी कातडं हाती आलं, माणसं कमी आहेत, आणि कान उलटवणं आज होणार नाही असं दिसत असेल, तर दोन्ही कान बुडापासून कापून टाका आणि उरलेल्या कातड्याला मीठ लावा. कान नसलेलं पण भरगच्च केसांचं कातडं बैठकीवर वर्षानुवर्षं शोभतं. टक्कल पडलेला कान मात्र पहिल्याच पाहुण्याच्या नजरेत भरतो.